पंचवीस वर्तुळांची परीक्षा

यकृताच्या दीर्घकालीन आजाराचा मेंदूवर होणारा परिणाम म्हटला की असंबद्ध बडबड, दिवसरात्रीचे भान हरपणे आणि शेवटी बेशुद्धी अशी टोकाची लक्षणेच सहसा डोळ्यांसमोर येतात. परंतु या परिणामाची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी होते, ज्या काळात रुग्ण व्यवस्थित बोलत असतो, माणसे ओळखत असतो, घरखर्चाचा हिशेब ठेवत असतो आणि डॉक्टरांच्या प्रश्नांना नीट उत्तरे देऊन तपासणीच्या खोलीतून बाहेर पडत असतो. या काळात सर्वांत आधी उणे पडते ते अवधान, म्हणजे समोरच्या अनेक गोष्टींतून हवी ती वेचून घेण्याची, तिच्यावर मन टिकवून ठेवण्याची आणि गरज पडताच ते चटकन दुसरीकडे वळवण्याची क्षमता. साध्या संभाषणात ही क्षमता फारशी पणाला लागत नाही, त्यामुळे तिच्यातील घट संभाषणातून कळत नाही आणि ती मोजण्यासाठी कागद, पेन्सिल व सेकंद दाखवणारे घड्याळ घेऊन रुग्णासमोर बसावे लागते.

यकृतात व्रणासारख्या तंतूंचे जाळे पसरून ते कठीण आणि गाठाळ होते, त्या अवस्थेला सिऱ्होसिस म्हणतात. सिऱ्होसिसच्या रुग्णांतील या न दिसणाऱ्या मेंदूबाधेला पूर्वी ‘सुप्त’ किंवा ‘लक्षणपूर्व’ अशी विशेषणे लावली जात. १९९८ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या जागतिक जठरांत्रविज्ञान परिषदेच्या निमित्ताने एक तज्ज्ञगट नेमण्यात आला, त्याचा अहवाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून ‘मिनिमल हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी’ हे नाव रूढ झाले. मराठीत तिला अल्पतम यकृतजन्य मेंदूबाधा म्हणता येईल, मात्र यातील ‘अल्पतम’ हा शब्द दिसण्यापुरता आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण बाधा डोळ्यांना कमी दिसते म्हणून तिचे परिणाम कमी ठरत नाहीत. निरनिराळ्या अभ्यासांत सिऱ्होसिसच्या रुग्णांपैकी कोठे २० टक्क्यांत तर कोठे ८० टक्क्यांपर्यंत ही बाधा आढळली आहे. या दोन आकड्यांमधील अंतर केवळ रुग्णांच्या वेगळेपणामुळे पडलेले नाही. कोणती चाचणी वापरली आणि निरोगी माणसाची कामगिरी कोणती धरली, यावरही ते मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

ही बाधा होते कशी, हे समजण्यासाठी आतड्यापासून सुरुवात करावी लागते. प्रथिनांच्या पचनातून आणि आतड्यातील जिवाणूंच्या कार्यातून अमोनिया तयार होतो, तो पोर्टल शिरेतून यकृतात येतो आणि निरोगी यकृत त्याचे युरियात रूपांतर करून मूत्रपिंडांकडे पाठवते; या रूपांतराचे चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडले. सिऱ्होसिसमध्ये एकीकडे हे काम करणाऱ्या पेशी घटतात आणि दुसरीकडे कठीण झालेल्या यकृतातून रक्त सहज जात नसल्याने ते आडवाटा शोधते, म्हणजे यकृताला वळसा घालणाऱ्या शिरा रुंदावतात आणि न गाळलेले रक्त थेट शरीरभर फिरू लागते. अशी आडवाट मुद्दाम तयार करून पाहण्याचा प्रयोग फार जुना आहे. रशियन शल्यचिकित्सक निकोलाय एक यांनी १८७७ मध्ये कुत्र्यांमध्ये पोर्टल शीर थेट महाशिरेला जोडण्याची शस्त्रक्रिया केली आणि पुढे १८९३ मध्ये इव्हान पाव्हलोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे नोंदवले की ही शस्त्रक्रिया झालेली कुत्री मांस खाल्ल्यावर बिथरतात, अडखळतात आणि काही वेळा बेशुद्ध होतात. यकृताच्या पेशी बऱ्यापैकी शाबूत असतानाही, केवळ पोर्टल शीर बंद होऊन रक्त आडवाटेने जाऊ लागलेल्या भारतीय रुग्णांत अवधानाची हीच घट आढळली आहे. पाव्हलोव्हच्या प्रयोगशाळेतील निरीक्षणाला मिळालेला तो मानवी दुजोरा म्हणावा लागेल.

रक्तातून मेंदूत पोहोचलेला अमोनिया ॲस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी टिपून घेतात आणि त्यापासून ग्लुटामिन बनवतात. हे ग्लुटामिन साठले की पेशीत पाणी ओढले जाते, पेशी किंचित फुगतात आणि चेतापेशींमधील संदेशांची देवघेव मंदावते. शरीरात जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तर हा परिणाम आणखी तीव्र होतो. म्हणूनच नुसत्या रक्तातील अमोनियाच्या आकड्यावरून निदान करता येत नाही, शिवाय तो आकडा मिळवणेही सोपे नसते: नमुना लगेच बर्फात ठेवून थोड्याच वेळात तपासावा लागतो, नाहीतर नळीतच अमोनिया वाढत जातो. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथून सुमारे ३०० किलोमीटरवर असलेल्या जगदलपुरात किंवा त्याहून आतल्या एखाद्या गावात घेतलेला नमुना राजधानीतील प्रयोगशाळेत पाठवून त्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. तेथे कागद आणि पेन्सिल अधिक भरवशाची ठरतात.

रायपूरच्या संदर्भात हा विषय मांडण्याला विशेष कारण आहे. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यसनविषयक राष्ट्रीय पाहणीत छत्तीसगडचे नाव मद्यसेवन करणाऱ्यांच्या प्रमाणात देशात सर्वांत वर होते. १० ते ७५ वर्षे वयोगटात देशभरात हे प्रमाण सुमारे १५ टक्के असताना छत्तीसगडात ते ३५ टक्क्यांच्या वर होते. मद्य हे यकृताच्या आजाराचे एकमेव कारण नाही. हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंचा दीर्घकाळचा संसर्ग आणि मधुमेह-स्थूलतेबरोबर येणारे मेदयुक्त यकृत यांमुळे आयुष्यात दारूला स्पर्श न केलेल्या माणसालाही सिऱ्होसिस होतो, आणि ‘लिव्हर खराब’ म्हणताच समाजाने रुग्णाकडे संशयाने पाहण्याची जी सवय लावून घेतली आहे ती अन्यायकारक आहे. तरीही ज्या राज्यात मद्यसेवन इतके आहे, तेथे सिऱ्होसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने असणार आणि त्यांच्यातील अनेकांच्या मेंदूवर त्याची छाया नकळत पडलेली असणार, हे गृहीत धरूनच आरोग्यव्यवस्थेने चालले पाहिजे.

ही छाया कामाच्या ठिकाणी कशी पडते, हे रायपुरात चटकन लक्षात येते. उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींतील रोलिंग मिलमध्ये लालबुंद सळई रुळांवरून सरकत येत असताना ती चिमट्याने धरून वळवणाऱ्या कामगाराला क्षणभराचा उशीर परवडत नाही. शहराला लागून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर रात्री ट्रक चालवणाऱ्याला समोरच्या वाहनाचा ब्रेकदिवा, कडेने येणारी सायकल आणि अचानक आडवे आलेले जनावर यांकडे एकाच वेळी लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेतील जसमोहन बजाज यांच्या गटाने सिऱ्होसिसच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासांत ही बाधा असलेल्यांकडून वाहतुकीचे नियमभंग आणि अपघात अधिक घडल्याचे दिसले, आणि त्याहून गंभीर बाब अशी की यांपैकी अनेकांना आपण वाहन उत्तम चालवतो असेच वाटत होते. अवधान घटले की स्वतःच्या चुका टिपणारी नजरही मंदावते. त्यामुळे ‘तुम्हाला काही त्रास होतो का?’ या प्रश्नाला मिळणारे ‘नाही’ हे उत्तर प्रामाणिक असूनही पुरेसे नसते. घरच्यांना मात्र बदल जाणवलेला असतो. माणूस चिडचिडा झाला, दुपारी पेंगतो आणि रात्री जागा राहतो, सांगितलेली चार कामे करायला जाऊन दोनच करून येतो, अशा शब्दांत ते तो सांगतात आणि बहुधा वयाच्या किंवा काळजीच्या माथी मारून मोकळे होतात.

अवधान मोजण्याच्या चाचण्यांमध्ये सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत जास्त वापरली जाणारी म्हणजे अंक जोडण्याची चाचणी. तिचे मूळ १९४० च्या दशकातील अमेरिकी सैन्याच्या मानसशास्त्रीय चाचण्यांत आहे आणि यकृतविकारात तिला स्थिर स्थान मिळाले ते हॅरॉल्ड कॉन यांच्या १९७७ मधील कामामुळे. एका कागदावर २५ वर्तुळे विखुरलेली असतात, प्रत्येकात १ ते २५ मधील एक अंक असतो आणि रुग्णाने पेन्सिल न उचलता ती क्रमाने जोडायची असतात. काम अगदी पोरसवदा वाटते. परंतु ७ वर टेकलेली पेन्सिल ८ शोधत कागदावर घिरट्या घालू लागते, डोळे ८ वरून दोनदा निसटून जातात, मग तो सापडतो आणि तोवर तीन सेकंद गेलेले असतात. २५ वर्तुळांत असे आठ-दहा वेळा झाले की अर्ध्या-पाऊण मिनिटाचे काम एक-सव्वा मिनिटावर जाते. चूक झाली तर परीक्षक तेथल्या तेथे दाखवतो आणि रुग्ण तेथूनच पुढे जातो, त्यामुळे चुकीची किंमतही शेवटी वेळेतच वसूल होते.

जर्मनीतील हॅनोव्हर येथील कारिन वाइसेनबोर्न यांच्या कामातून अशा पाच चाचण्यांचा संच तयार झाला, जो व्हिएन्नाच्या तज्ज्ञगटाने निदानासाठी मान्य केला आणि जो जगभर ‘पीएचईएस’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्यात अंक जोडण्याबरोबर अंक आणि अक्षरे आळीपाळीने जोडण्याची दुसरी चाचणी असते. ९ अंकांना ९ खुणा ठरवून दिलेल्या असतात आणि दीड मिनिटात जास्तीत जास्त अंकांखाली योग्य खुणा भराव्या लागतात. ओळीने मांडलेल्या छोट्या वर्तुळांच्या मध्यभागी एकेक ठिपका द्यावा लागतो. आणि दोन समांतर वळणदार रेषांमधील अरुंद वाटेतून, कडांना न शिवता, रेघ ओढत न्यावी लागते. प्रत्येक कामगिरीची तुलना त्याच वयाच्या निरोगी माणसांशी करून गुण दिले जातात. एकूण गुण अधिक ६ पासून उणे १८ पर्यंत असू शकतात आणि ते उणे ४ किंवा उणे ५ पर्यंत खाली आले, म्हणजे देशोदेशी ठरलेली सीमा ओलांडली गेली, की अल्पतम मेंदूबाधेचे निदान केले जाते. सगळ्याला मिळून पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णासाठी एवढा वेळ काढणे डॉक्टरांना जड जाते, ही या संचाच्या मार्गातील पहिली अडचण आहे.

दुसरी अडचण त्याहून खोल आहे आणि तिच्यावर आपल्याकडे पुरेसा विचार व्हायला हवा. चाचणी ज्या समाजात घडली, त्या समाजाचे शिक्षण तिच्यात मुरलेले असते. आळीपाळीच्या चाचणीत १३ अंक आणि १२ अक्षरे असतात. रोमन लिपीत ही अक्षरे पहिल्या बाराखेरीज काही नाहीत. तोच कागद देवनागरीत करायचा ठरवले तर ‘क’ पासून मोजत बारावे अक्षर ‘ठ’ येते आणि वाटेत ‘ङ’ व ‘ञ’ ही दोन अक्षरे उभी असतात, जी शाळा सोडल्यानंतर बहुतेकांनी पुन्हा कधी लिहिलेली नसतात. ‘घ’ नंतर थेट ‘च’ कडे धावलेली पेन्सिल परत वळवावी लागली तर त्या दोन-तीन सेकंदांचा दोष यकृताच्या माथी मारला जाणार, वास्तविक तो वर्णमालेचा आहे. ज्याने शाळेचे तोंडच पाहिले नाही त्याला तर हा कागद देण्यात अर्थ नाही, आणि बस्तर, सरगुजा किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागांतून येणाऱ्या रुग्णांमध्ये असे लोक मोजकेच असतात असे कोणीही म्हणणार नाही.

या अडचणीवर पहिले ठोस उत्तर भारतातच शोधले गेले, याची नोंद अभिमानाने करावी अशी आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील राधाकृष्ण धीमन, विवेक सारस्वत, सुभाष नाईक आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये आकृती जोडण्याची चाचणी प्रसिद्ध केली, जिच्यात अंकांच्या जागी आकृती असतात आणि त्यामुळे अक्षरओळख किंवा अंकओळख नसलेल्या माणसाचेही अवधान मोजता येते. पुढे धीमन यांनी चंदीगडच्या पदव्युत्तर संस्थेत भारतीय निरोगी माणसांचे गुण गोळा करून पीएचईएस संचाची येथील मोजपट्टी तयार करण्याचे काम केले, ज्यात वयाबरोबर शिक्षणाच्या वर्षांचाही हिशेब धरला गेला. चाचणी सहज मिळते; तिच्यामागची मोजपट्टी मात्र आपल्या माणसांवरून घ्यावी लागते, आणि चंदीगडची मोजपट्टी रायपूरला तंतोतंत लागू पडेल असे गृहीत धरणेही घाईचे होईल.

भाषेचा हा गुंता स्ट्रूप चाचणीत वेगळ्याच रूपाने समोर येतो. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये दाखवले की ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असेल तर शाईचा रंग सांगायला माणसाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण वाचन ही इतकी आपोआप होणारी क्रिया बनलेली असते की ती दाबून ठेवण्यासाठी अवधानाला झगडावे लागते. बजाज यांनी या तत्त्वावर मोबाइलवर चालणारे ‘एन्सेफॅलॲप’ २०१३ मध्ये पुढे आणले, ज्यात आधी केवळ रंगीत खुणांचे आणि नंतर रंग व अर्थ यांचा मेळ नसलेल्या शब्दांचे रंग बोटाने निवडायचे असतात आणि लागलेला वेळ यंत्र स्वतः मोजते. ही चाचणी पाच-सहा मिनिटांत होते, तिला प्रशिक्षित परीक्षक लागत नाही, आणि जिल्हा रुग्णालयांसाठी ती सोयीची आहे यात शंका नाही. परंतु ज्याचे वाचन अडखळत, अक्षर लावत होते, त्याच्या बाबतीत शब्द रंगाच्या आड येतच नाही. त्याची ती बाजू फसवी चांगली दिसू शकते. म्हणजे एका चाचणीत कमी शिकलेला माणूस विनाकारण आजारी ठरतो आणि दुसरीत आजारी असूनही निसटून जाण्याचा धोका उरतो.

इटलीतील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेली प्राणी सांगण्याची चाचणी या सर्वांत साधी. एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावे सांगायची. संख्या १० च्या आत राहिली तर मेंदूबाधेचा संशय बळावतो आणि १५ च्या पुढे गेली तर तो बराचसा मावळतो, अर्थात वय आणि शिक्षण यांची दुरुस्ती करून. ही चाचणी स्मरणाची वाटते, पण तिची खरी मेहनत वेगळी आहे: पाळीव प्राणी संपले की मन जंगलाकडे वळवायचे, तेथून पक्ष्यांकडे, मग पाण्यातल्या जिवांकडे, आणि सांगून झालेले नाव पुन्हा येऊ द्यायचे नाही. ज्याचे अवधान घटलेले असते तो गाय, म्हैस, बैल, शेळी असे भराभर सांगतो आणि मग गोठ्यातून बाहेर पडण्याची वाट त्याला सापडत नाही. रायपुरात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांतील, नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपर्यंत मुळे पोहोचणाऱ्या घरांतील माणूस ही चाचणी देताना घरची मराठी, शाळेतील हिंदी आणि बाजारातील छत्तीसगडी या तिन्हींतून नावे उचलतो. त्याच्या तोंडून ‘कुत्रा’ नंतर ‘कुकुर’, ‘शेळी’ नंतर ‘छेरी’ आणि ‘माकड’ नंतर ‘बेंदरा’ आला तर ते दोन प्राणी धरायचे की एकच, हे परीक्षकाने आधी ठरवलेले असले पाहिजे. उत्तर एकच असे हवे, आणि ते देण्यासाठी परीक्षकाला तिन्ही भाषांतील प्राण्यांची नावे ठाऊक हवीत; रुग्णाला कोणत्याही एका भाषेत कोंडून ठेवणे मात्र चुकीचे, कारण मग मोजले जाते ते भाषांतर.

शिक्षणाचा हा सगळा प्रश्न टाळणारे एक उपकरण आहे. त्यात एक दिवा सेकंदाला ६० वेळा लुकलुकतो, म्हणजे डोळ्यांना स्थिरच दिसतो, आणि लुकलुकण्याचा वेग हळूहळू कमी करत नेतात. ज्या क्षणी तो थरथरताना दिसू लागतो त्या क्षणी रुग्णाने कळ दाबायची असते. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की सेकंदाला ३९ पेक्षा कमी आवर्तनांपर्यंत ज्याला थरथर दिसत नाही त्याच्या मेंदूत बाधा असण्याची शक्यता मोठी असते. उपकरण विकत घ्यावे लागते, एवढीच त्याची मर्यादा नाही. दृष्टीचे विकार त्यात अडसर ठरतात आणि कळ दाबण्यासाठीही अवधान टिकवावे लागतेच.

चाचणी घेण्यापूर्वीची काळजी चाचणीइतकीच महत्त्वाची असते. रुग्णाने अलीकडे मद्य घेतलेले नसावे, कारण मद्य स्वतःच अवधान बिघडवते. झोपेच्या गोळ्या, अंगातला ताप, रक्तातील साखर घसरणे, थायरॉइडचा विकार यांचा विचार आधी व्हावा. चष्मा विसरून आलेल्या माणसाला कागद देऊ नये. खोली शांत असावी आणि बाजूला बसलेल्या नातेवाइकाने ‘अहो, तो काय तिथे आठ!’ असे सुचवू नये. रायपूरच्या पंडित जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या आणि सर्वत्र ‘मेकाहारा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आंबेडकर रुग्णालयासारख्या किंवा २०१२ पासून चालू असलेल्या येथील एम्ससारख्या मोठ्या संस्थांत जी वर्दळ असते, तिच्यात अशी खोली मिळवणे हेच एक काम आहे, पण ते अशक्य नाही.

बाधा आढळली तर उपचार आहेत, म्हणूनच ती शोधण्याला अर्थ आहे. लॅक्ट्युलोज नावाची कृत्रिम साखर लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू तिच्यापासून आम्ले बनवतात, त्या आम्लांमुळे अमोनिया रक्तात शिरू न शकणाऱ्या रूपात अडकून पडतो आणि शौचावाटे बाहेर जातो. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचास होईल इतकीच मात्रा ठेवायची असते. जास्त घेतल्यास जुलाब होऊन शरीरातील पाणी व क्षार घटतात आणि बाधा उलट वाढते. चंदीगडमधील २००७ च्या अभ्यासात सिऱ्होसिसच्या ९० रुग्णांपैकी ६१ जणांना अल्पतम बाधा आढळली आणि तीन महिन्यांच्या लॅक्ट्युलोजनंतर औषध घेणाऱ्यांची चाचण्यांतील कामगिरी आणि दैनंदिन जीवन दोन्ही सुधारले. रिफॅक्झिमिन हे आतड्यातच काम करणारे प्रतिजैविकही उपयोगी पडते, पण ते महाग असते. आहाराबाबत एक जुना गैरसमज अजून घट्ट आहे: यकृत बिघडले की डाळ, दूध, अंडी बंद करून रुग्णाला भात आणि पेजेवर ठेवले जाते. स्नायूसुद्धा अमोनिया टिपून घेतात, त्यामुळे स्नायू झिजले की मेंदूवरील भार वाढतो. आजची शिफारस शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनांची आहे, त्यात डाळी व दही यांना पसंती असते आणि रात्रीचा उपास लांबू नये म्हणून झोपण्यापूर्वी थोडे खाणे सुचवले जाते. भाताचे कोठार म्हणवणाऱ्या प्रदेशात ताटातील वरणाची वाटी काढून घेणे हा रुग्णावर प्रेमापोटी होणारा अन्याय आहे, आणि तो थांबवणे डॉक्टरांच्या एका स्पष्ट वाक्याने साधते.

मोजपट्टीचे काम रायपुरात उभे करायचे झाले तर त्यासाठी लागणारी माणसे रोज रुग्णालयाच्या आवारातच असतात. रुग्णांबरोबर आलेले, स्वतः निरोगी असलेले नातेवाईक त्याच गावांतून, त्याच शाळांतून, त्याच भाषांतून आलेले असतात. त्यांचे वय, शाळेची वर्षे आणि बोलभाषा विचारून, त्यांच्या संमतीने हेच कागद त्यांच्याकडून सोडवून घेतले, तर काही महिन्यांत या प्रदेशाची स्वतःची मोजपट्टी हाती येऊ शकते. तोवर निदान एवढे तरी करता येते की सिऱ्होसिसच्या प्रत्येक रुग्णाचा पहिला कागद तारीख घालून त्याच्या केसपेपरात ठेवावा आणि तीन महिन्यांनी, वर्तुळांची मांडणी बदललेल्या दुसऱ्या कागदावर, त्याच्याच जुन्या वेळेशी त्याची नवी वेळ ताडून पाहावी. मांडणी बदलावीच लागते, कारण ८ कोठे होता हे काहींना तीन महिन्यांनंतरही आठवते.